मुल्हेर : एका गावाचा भूगोल आणि इतिहास



राज्यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, गावांचे मात्र फार थोडे. जर्मनीसारख्या देशात दोन-चारशे उंबऱ्यांच्या खेड्याचाही इतिहास लिहिता येतो. तेथे चर्चच्या वह्यांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी कित्येक पिढ्या होत आल्या. त्यामुळे सुतार कोण होता, गिरणी कोणाची होती, साथीत किती माणसे दगावली, हे शोधणाऱ्याला सापडते. आपल्या खेड्यांना ही सोय नाही. कधी काळी राजा राहिला असेल तर गावाचे नाव कागदावर येते, आणि राजा गेला की गावही कागदावरून जाते. मुल्हेरचे नेमके असेच झाले. सटाण्याहून तासाभराच्या अंतरावर असलेले हे गाव एकेकाळी सबंध बागलाणची राजधानी होते. तेथे नाणी पाडली जात, तेथे संस्कृत महाकाव्य लिहिले गेले, आणि दिल्ली-आग्र्याच्या बादशहांना त्याची दखल घ्यावी लागली. आज त्या गावाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम भूगोल पाहू. इतिहासाची बहुतेक कोडी जमिनीच्या उंचसखलपणात सुटतात, असा माझा अनुभव आहे. आपले सटाणे आरम नदीच्या काठी. आरमेच्या उत्तरेस डोलबारीची रांग, तिच्या पलीकडे मोसम नदीचे खोरे, आणि त्याच्याही उत्तरेस सेलबारीची रांग. सेलबारी ओलांडली की पिंपळनेर आणि पांझरेचे खोरे लागते. म्हणजे मोसमचे खोरे हे दोन भिंतींमधल्या बोळासारखे आहे. या बोळाच्या वरच्या अंगाला, डोलबारीच्या पायथ्याशी मुल्हेर वसले आहे. पाठीशी तीन डोंगर उभे आहेत : मध्ये मुल्हेरचा किल्ला, एका बाजूस मोरागड आणि दुसऱ्या बाजूस हरगड. पश्चिमेस साल्हेर. त्याची उंची १,५६७ मीटर, आणि महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल त्याचाच क्रम लागतो. साल्हेरच्या पलीकडे डांगचे रान आणि गुजरात.

आता या बोळाची दोन टोके पाहा. पश्चिमेचे तोंड सुरतेकडे उघडते. पूर्वेस मोसम वाहत जाऊन मालेगावजवळ गिरणेला मिळते, आणि तेथून खानदेश व बऱ्हाणपूर. सुरत हे समुद्राचे दार आणि बहाणपूर ही दख्खनची पेठ. या दोघांमधल्या रस्त्यांवर मुल्हेरकरांचा हात होता. पाणी, गवत आणि भात जागेवर मिळे आणि जकात वाटेवर मिळे. राजधानी होण्यास याहून अधिक काय लागते? लोक मुल्हेरला मयूरध्वज राजाची नगरी म्हणतात आणि पुराणाशी नाते जोडतात. त्या नात्याविषयी मला भांडावयाचे नाही. परंतु मयूरध्वज नसता तरी येथे कोणीतरी राजा झालाच असता.

तो झाला बागुल. बागुलांवरून बागलाण की बागलाणवरून बागुल, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. त्यांच्या आधीही हा मुलूख अडचणीत सापडलेल्यांचा आसरा होताच. अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांनी १२९९ च्या सुमारास गुजरात जिंकला तेव्हा तेथला राजा कर्ण वाघेला बागलाणातच येऊन राहिला होता. बागुल स्वतःला राठोड म्हणवीत. त्यांच्यापैकी नारायणशहा या राजाच्या पदरी रुद्र नावाचा दाक्षिणात्य कवी होता. त्याने १५९६ साली, म्हणजे शके १५१८ मध्ये, ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे वीस सर्गांचे काव्य पूर्ण केले. राष्ट्रौढ म्हणजे राठोड, आणि काव्यातला मयूरगिरी म्हणजे आपले मुल्हेर. हा ग्रंथ १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. राजांची पिढीजात नावे आणि त्यांच्या लढाया समजून घेण्यास तो फार उपयोगी आहे. मात्र गडावरची पाण्याची टाकी ज्यांनी छिन्नीने कोरली त्या पाथरवटांची वंशावळ वीस सर्गांत मावली नाही. दरबारी कवी ज्याचे अन्न खातो त्याचेच नाव घेणार, यात रुद्राला दोष देण्यात अर्थ नाही.

याच सुमारास अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’त बागलाणची नोंद केली. राजाजवळ आठ हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ आहे, सात किल्ले आहेत, त्यांत मुल्हेर आणि साल्हेर विशेष बळकट आहेत, असे तो सांगतो. फळांची यादीही देतो, आणि तिच्यात द्राक्षे आहेत, डाळिंबे आहेत. तेल्या रोगाने ज्यांच्या डाळिंबाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या ते शेतकरी या सभेत बसले आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या तालुक्यातले डाळिंब हे कालपरवाचे पीक नव्हे.

अकबराने खानदेश जिंकल्यावर बागलाणकडे मोर्चा वळविला. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेला. त्याने ऐकलेली हकीकत अशी, की अकबराने प्रतापशहाला सात वर्षे वेढले. पण आत चारा, धान्य आणि पाणी मुबलक. खिंडी इतक्या अरुंद की दोन माणसांपेक्षा अधिक शेजारी-शेजारी चालू शकत नव्हती. शेवटी बादशहाला तडजोड करावी लागली. सात वर्षांचा हा आकडा मला जमत नाही. असीरगड पडला १६०१ च्या जानेवारीत आणि अकबर वारला १६०५ च्या ऑक्टोबरात. मग सात वर्षे बसवायची कोठे? वाटेवर ऐकलेल्या गोष्टीत वर्षे वाढतात, तसे हे झाले असावे. परंतु तडजोडीच्या अटी मात्र खऱ्या वाटतात. राजाला काही गावे मिळाली. त्याने बादशहाला नजराणा पाठवावा, एक मुलगा बऱ्हाणपुरास ओलीस ठेवावा, आणि आपल्या मुलखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांचे रक्षण करावे, असे ठरले. संघटनेच्या कामात मी पुष्कळ करारनामे वाचले आहेत. मानमरातबाची भाषा अगोदर येते आणि खरे कलम शेवटी असते. येथे खरे कलम व्यापाऱ्यांचे आहे. बादशहाला डोंगर नको होता, त्याला वाट हवी होती.

त्या वाटेवर माल वाहत कोण होते? बैल आणि लमाण. तव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा फिरला. तो लिहितो की दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे चालत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. धान्य आणि मीठ असे जड ओझे असायचे, आणि बाया, पोरे, बिऱ्हाड सारे त्याच्याबरोबर. हमालांच्या पाठीवर पोते चढताना ज्याने रोज पाहिले आहे त्याला या मजकुराचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. सुरतेचा व्यापार म्हणून जे वैभव आपण वाचतो, त्याचा घाटातला भाग या माणसांच्या आणि जनावरांच्या पायांवर उभा होता.

मुल्हेरची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे टांकसाळ. मुल्हेर आणि साल्हेर येथे महमुदी पाडल्या जातात, असे फिंच लिहितो. महमुदी हे चांदीचे नाणे मूळ गुजरातच्या सुलतानांचे, रुपयाच्या निम्म्याहून थोड्या कमी मोलाचे. गुजरातची सल्तनत १५७३ मध्ये बुडाली, तरी व्यापाऱ्यांची महमुदीची सवय गेली नाही. सुरतेच्या वखारींतले इंग्रज आणि डच हिशेब महमुदीतच मांडीत. ती पाडण्याचे काम बागुल राजांनी उचलले, आणि पुष्कळशा नाण्यांवर नाव अकबराचे घातले. स्वतःच्या टांकसाळीत दुसऱ्याच्या नावाचे नाणे पाडणे हा अपमान की हुशारी? मला तरी ती हुशारी वाटते. नाव बादशहाचे असले तरी पाडण्याचा नफा मुल्हेरचा.

चांदी मात्र बागलाणात पिकत नाही. ती येई समुद्रावरून. त्या काळी जगात फिरणाऱ्या चांदीचा मोठा वाटा दक्षिण अमेरिकेतल्या पोटोशीच्या डोंगरातून निघे. तेथे स्पॅनिश सरकार तेथल्या मूळ रहिवाशांना गावोगावाहून वेठीने आणून खाणीत उतरवी, आणि हजारो माणसे त्यात खपली. ती चांदी स्पेनचे नाणे होऊन निघे, हातोहात सुरतेला येई, वितळे, आणि तिच्यातली काही मोसमच्या खोऱ्यात महमुदी होऊन पुन्हा बाजारात जाई. पोटोशीच्या खाणकऱ्याने मुल्हेरचे नाव ऐकले नव्हते, आणि मुल्हेरच्या टांकसाळीतल्या घणकऱ्याने पोटोशीचे. दोघांच्या हातून एकच धातू गेला.

शहाजहानच्या काळात तडजोडीचे दिवस संपले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६३८ मध्ये त्याच्या फौजेने मुल्हेरला वेढा घातला. फौजेचे पुढारी दोघे होते, एक मालोजी दख्खनी आणि दुसरा महंमद ताहिर खुरासानी. राजा बहारजी याने त्याच वर्षी किल्ला खाली केला आणि मोबदल्यात सुलतानपूरचा परगणा घेतला. पुढे त्याच्या मुलाने इस्लाम स्वीकारला व तो दौलतमंदखान झाला. बादशाही इतिहासकार बागलाणची मोजणी चौतीस परगणे आणि एक हजार एक गावे अशी देतो. मुल्हेरचे नाव औरंगगड ठेवले गेले. ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. परंतु ताहिरचे नाव बसले, कारण आपले ताहराबाद त्याच्याच नावावरून वसले असे सांगतात. एस. टी. च्या पाटीवर ते आपण रोज वाचतो. राजाने दिलेले नाव पुसले जावे आणि सरदाराचे टिकावे, हेही गमतीचेच.

शिवाजी महाराजांच्या काळातला भाग आपल्या श्रोत्यांना पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात घेतो. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना महाराजांचे सैन्य मुल्हेरच्या परिसरातूनच आले, आणि त्यानंतर १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. पुढे साल्हेर घेतला गेला, १६७२ मध्ये तेथे उघड्या मैदानावर मोगलांचा पराभव झाला, आणि त्यानंतर मुल्हेरही स्वराज्यात आले. नंतर किल्ला हातबदल होत राहिला. पेशवाई बुडाली तेव्हा खानदेशात धुमश्चक्री चालली. मालेगावच्या भुईकोटात अरबांनी इंग्रजांशी झुंज दिली आणि १८१८ च्या जूनमध्ये तो किल्ला पडला. जुलैमध्ये मुल्हेरचा किल्लेदार रामचंद्र जनार्दन फडणीस याने गड खाली करून दिला.

तोफा बंद पडल्या म्हणून गाव लहान झाले, असे बरेच जण समजतात. मला ते पटत नाही. किल्ले पडल्यावरही पेठा टिकल्याची उदाहरणे आहेत. मुल्हेर लहान झाले ते वाट सरकली म्हणून. सुरतेचे महत्त्व मुंबईकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी मनमाडवरून बऱ्हाणपूरकडे गेली आणि बैलांचे तांडे मोडले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा बागलाण खानदेशातून काढून त्याला जोडले गेले. कचेरी सटाण्यास, बाजार सटाण्यास. आज विंचूर-प्रकाशा रस्ता सटाण्याहून ताहराबादवरून सेलबारीच्या घाटाने पिंपळनेरकडे जातो. मुल्हेर त्याच्या बाजूला राहिले. वैभव आपल्या गावाकडे आले ते आपल्या गुणाने आले असे सटाणेकरांनी मानू नये. रस्ता वळला, एवढेच.

मग मुल्हेरात उरले काय? माचीवर सोमेश्वराचे देऊळ आहे, तळे आहे, दरवाजे आहेत, बालेकिल्ल्यावर ओळीने खोदलेली टाकी आणि भडंगनाथाचे स्थान आहे. गावात उद्धव महाराजांची समाधी आहे. कोजागरीच्या रात्री तेथे रासक्रीडेचा उत्सव होतो, फुलापानांनी सजविलेले चक्र उभारतात आणि रात्रभर पदे गातात. राजाश्रय जाऊन पावणेचारशेहून अधिक वर्षे झाली, तरी हा उत्सव गावकऱ्यांनी आपल्या खर्चाने चालविला आहे. मोसमवर हरणबारीचे धरण झाले. खोऱ्यात फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बांध सर्वांनी मिळून दुरुस्त करावा, पाटकऱ्याने पाणी वाटावे आणि त्याचा मोबदला धान्यात द्यावा, अशी ती रीत. हा कायदा कोणत्याही राजाने लिहून दिलेला नाही.

२०२५ मध्ये साल्हेरचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. आता सुटीच्या दिवशी मोटारी ताहराबादवरून मुल्हेर ओलांडून साल्हेरकडे जातात. मुल्हेरला थोडेच थांबतात. दिवाळीनंतर उलट दिशेनेही माणसे निघतात. पश्चिम पट्ट्यातली कोकणा आणि भिल्ल कुटुंबे बोचकी बांधून कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, कोणी गुजरातेत ऊसतोडीला. सुरतेकडची ही वाट जवळपास तीच आहे. ओझे आता ट्रकमध्ये असते आणि त्याच ट्रकमध्ये बाया-पोरेही असतात. गावातून किती माणसे गेली, किती परत आली, याची वही मात्र अजून कोणी घातलेली नाही.