उसाचा चरक : आष्टा–वाळवा परिसर

उसाच्या कांड्या दोन किंवा अधिक लाटांमधून, म्हणजे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दंडगोलांमधून, दाबून त्यांतील रस काढण्याच्या यंत्रास चरक म्हणतात. दगडी जात्यात किंवा तेलाच्या घाण्यात माल घासला वा कुटला जातो. चरकात तो केवळ दाबला जातो. त्यामुळे चरकाची योग्यता तो किती वेगाने फिरतो यापेक्षा लाटांमधील फट किती अचूक राखतो यावर ठरते. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा व त्याच्या आसपासची गावे कृष्णा आणि वारणा या नद्यांमधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेली आहेत. आष्टा हे नगरपालिकेचे जुने गाव असून तेथील नगरपालिका १८५३ मध्ये स्थापन झाली. वाळवा तालुका प्रथम सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये तो नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला व १९६० मध्ये या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. या भागात ऊस व हळद ही नगदी पिके दीर्घकाळ घेतली जात असून, ऊस कोणत्या यंत्रात गाळावा या प्रश्नाचे उत्तर येथे गेल्या दीडशे वर्षांत निदान तीन वेळा बदलले आहे.

एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये सर्वत्र लाकडी चरक प्रचलित होता. बाभळीच्या टणक लाकडाच्या दोन उभ्या लाटा भक्कम चौकटीत बसवीत आणि त्यांस नवरा-नवरी असे म्हणत. लाटांच्या वरच्या भागावर कोरलेले दाते एकमेकांत अडकत. नवऱ्याला जोडलेला आडवा दांडा बैलांच्या दोन-तीन जोड्या फिरवीत आणि त्याबरोबर नवरीही फिरे. एका बाजूस बसलेला गडी उसाची वीतभर लांबीची कांडकी लाटांमध्ये सारी. दुसऱ्या बाजूचा गडी चेपलेली कांडकी ओढून घेऊन पुन्हा पहिल्याकडे देई. एकाच कांडक्याला असे दोन-तीन वेळा लाटांमधून जावे लागे. काम धोक्याचे होते, कारण थोडे दुर्लक्ष झाले तरी बोटे लाटांत सापडत.

या चरकाचा मोठा गुण म्हणजे तो गावातच तयार होई आणि गावातच दुरुस्त होई. सुताराला बलुत्याचा हक्क असल्याने त्याच्या कामाची रोख मजुरी पडत नसे. दोष मात्र उघड होता. लाकूड रसाने भिजून फुगे, उन्हाने आकसे, लाटा झिजून वाटोळेपणा गमावीत आणि फट विषम होई. ज्या ठिकाणी फट रुंदावे त्या ठिकाणी रस चिपाडातच राही. तरीही तत्कालीन शेतकऱ्याने हे यंत्र अडाणीपणामुळे धरून ठेवले होते, असे मानणे योग्य नाही. त्या काळी लावला जाणारा पुंड्या ऊस जाड व मऊ असे आणि लाकडी लाटांना तो पुरेसा दबे. क्षेत्रही लहान असे, कारण मोटेच्या पाण्यावर जितका ऊस जगेल तितकाच लावता येई.

लोखंडी चरकाची कल्पना भारतात बाहेरून आली. तीन उभ्या लाटांचे चरक सतराव्या शतकात ब्राझील व कॅरिबियन बेटे येथील मळ्यांत रूढ झाले होते. भारतात १८७० नंतरच्या दशकात बिहारमधील बिहिया येथील थॉमसन व मिल्न या यूरोपीय मळेवाल्यांनी बैलांनी ओढावयाचा लहान लोखंडी चरक तयार केला आणि तो शेतकऱ्यांना भाड्याने देण्याची पद्धत पाडली. विक्रीपेक्षा भाड्याची ही युक्ती अधिक महत्त्वाची ठरली. वर्षातून थोडे आठवडे लागणारे यंत्र विकत घेण्याची लहान शेतकऱ्याची ऐपत नसे. भाडे मात्र तो गुळाच्या पैशांतून देऊ शके.

आष्टा परिसराच्या दृष्टीने निर्णायक घटना कृष्णेपलीकडे घडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथून आपला कारखाना हलवून १० मार्च १९१० रोजी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू केली. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जमीन दिली. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांनी आरंभ झालेल्या या कारखान्यात पुढे भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि उसाचे चरक यांचेही उत्पादन होऊ लागले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते या समजुतीमुळे किर्लोस्करांच्या नांगरांना प्रारंभी गिऱ्हाईक मिळाले नव्हते. रसाच्या बाबतीत लोखंडाविषयीची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण लोखंडाशी फार वेळ संपर्क राहिल्यास उसाच्या रसातील काही घटकांमुळे रस गडद होतो व गुळाचा रंग उतरतो. यावरचा उपाय साधा होता : चरक रोज धुणे आणि रस साठू न देता काहिलीत घालणे.

तीन लाटांच्या लोखंडी चरकात पहिल्या दोन लाटांमधील फट रुंद आणि पुढच्या दोहोंमधील अरुंद ठेवतात. त्यामुळे ऊस एकाच फेरीत दोनदा दाबला जातो व चिपाड परत सारण्याचे काम वाचते. ही फट बसविण्यातच गुऱ्हाळाचा नफा-तोटा असे. ती सैल राहिली तर रस वाया जातो. फार आवळली तर बैल थकतात, धारवे झिजतात आणि चिपाडाचा चुरा रसात उतरून गूळ काळपट होतो. बैलांच्या चांगल्या चरकाने उसाच्या वजनाच्या सु. ५० ते ६० टक्के रस निघतो आणि ताशी गाळप साधारणतः दोन क्विंटलांच्या आत असते. उसात तंतूंचे प्रमाण १२ ते १६ टक्के असल्याने, यंत्र कितीही चांगले असले तरी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रस चिपाडातच राही. एक टन उसामागे दहा टक्के अधिक रस निघाला, तर तो १०० किग्रॅ. भरतो आणि त्यापासून सु. १८ किग्रॅ. गूळ होतो. फट नीट ठेवणाऱ्या माणसाला गुऱ्हाळावर गुळव्याच्या खालोखाल मान का असे, हे या हिशेबावरून समजते. लोखंडी लाट झिजली की गावचा सुतार निरुपयोगी ठरे. ओतीव भाग कारखान्यातूनच आणावा लागे. चरक घेताना तो कोणत्या कारखान्याचा आहे यापेक्षा तो कारखाना किती जवळ आहे, हा विचार म्हणूनच अधिक वजनदार होता. किर्लोस्करवाडी व १९२२ मध्ये सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी काढलेला अवजारांचा कारखाना यांमुळे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ही सोय महाराष्ट्राच्या इतर भागांपेक्षा लवकर मिळाली.

दुसरे स्थित्यंतर उसाच्या जातींमुळे व पाण्यामुळे घडले. कोईमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झाले आणि सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यानंतर को ४१९ व पुढे को ७४० या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती पसरल्या आणि पुंड्या मागे पडला. त्याच सुमारास विहिरींवर व नदीकाठी तेल एंजिने बसू लागली. एंजिन घेतले जाई ते पाण्यासाठी. परंतु गळिताच्या दिवसांत त्याच एंजिनाचा पट्टा पंपावरून काढून चरकाच्या चाकावर चढविता येई. त्यामुळे चरकाची निवड स्वतंत्र राहिली नाही. घरात असलेल्या एंजिनाला पेलेल असा चरक घेणे, हाच नियम झाला. पुणे येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यावर देशी एंजिने सुलभ झाली. पाच ते वीस अश्वशक्तीच्या आडव्या लाटांच्या यांत्रिक चरकाने ६० ते ७० टक्के रस मिळू लागला. बैलांच्या चरकावर आठवडा लागणारा फड दीड-दोन दिवसांत उरकू लागला आणि तोडलेला ऊस वाळण्यापूर्वी गाळणे शक्य झाले. हा लाभ रसाच्या वाढीव टक्क्यांहून लहान नव्हता. कारण तोडीनंतर एक-दोन दिवसांतच उसातील साखरेचे विघटन सुरू होते व गूळ नीट बांधला जात नाही. मात्र शेजाऱ्यांनी बैल व माणसे पाळीपाळीने देण्याची पैऱ्याची पद्धत यांत्रिक चरकाबरोबर मागे पडली.

तिसरा बदल सहकारी साखर कारखान्यांचा. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्याच दशकात वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगली येथे, आणि नंतर राजारामबापू पाटील यांच्या पुढाकाराने वाळवा तालुक्यातच साखराळे येथे कारखाना उभा राहिला. आष्ट्यालगत कारंदवाडी येथेही कारखाना निघाला. कारखान्यात तीन लाटांचे चार ते सहा संच ओळीने असतात. ऊस आधी फिरत्या सुऱ्यांनी व तंतुकाने फोडतात, लाटांवर जलीय दाब देतात आणि शेवटच्या संचांपूर्वी चिपाडावर पाणी शिंपडून उरलेली साखर विरघळवून घेतात. उसातील साखरेचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने रसात उतरतो. गुऱ्हाळाला ही पाणी शिंपडण्याची युक्ती उचलता आली नाही. घातलेले सर्व पाणी पुन्हा आटवावे लागते; कारखान्यात बाष्पित्रांच्या मालिकेत एकच वाफ अनेकदा वापरली जाते, तर उघड्या काहिलीखाली तेवढे जळण म्हणजे तेवढे अधिक चिपाड लागते. गुऱ्हाळ मागे पडले ते केवळ चरकामुळे नव्हे, तर मुख्यतः चुलवणामुळे, असे म्हटले पाहिजे.

कारखान्यास ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला चरक निवडण्याची गरज उरली नाही. कोणत्या कारखान्यास ऊस घालावा एवढाच प्रश्न राहिला आणि तोही नेहमी त्याच्या हाती नव्हता. १९६६ च्या केंद्रीय ऊस नियंत्रण आदेशाने यांत्रिक चरकांवर नियमन आणण्याचे अधिकार शासनास दिले, तर १९८४ च्या राज्य आदेशाने कारखान्यांची ऊसक्षेत्रे राखीव केली. ही क्षेत्रबंदी पुढे उठविण्यात आली. २००९ पासून उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. त्यामुळे लाटांमधील फट ढिली राहिली, तर तिचे नुकसान अखेर ऊस घालणाऱ्याच्या दरातही उमटते. ती फट तपासणे मात्र आता त्याच्या हाती नाही. लाकडी चरकाच्या काळी तो चिपाड हातात पिळून पाही.

गुऱ्हाळे या परिसरातून पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. रसायनविरहित गुळाची मागणी वाढल्याने काही ठिकाणी ती नव्याने सुरू झाली असून त्यांत विजेच्या चलित्रावर चालणारे चरक व पोलादाची भांडी वापरतात. बैलाचा उभा चरक गुळाच्या व्यवसायातून गेला. लहान आडवा चरक मात्र रस्त्याकडेच्या रसवंतीगृहांत दिसतो व त्याच्या चाकाला घुंगरू बांधलेले असतात.