गृहसंगणक आणि रंगीत मॉनिटर : जोडणीचा इतिहास व जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

गृहसंगणकाच्या इतिहासाची चर्चा बहुधा प्रोसेसर, स्मृती आणि किंमत या तीन घटकांभोवती केली जाते. संगणक पडद्याला कसा जोडला जात असे, ही बाब तांत्रिक तपशील म्हणून बाजूला पडते. वस्तुतः १९७७ ते १९८५ या कालखंडात वापरणाऱ्याला दिसणारा रंग हा संगणक, जोडणी आणि पडदा या तिहींच्या संयोगातून निर्माण होत असे. या तिहींपैकी एकच घटक जपला गेला, तर अभ्यासकाच्या हाती अपुरे साधन उरते. मोडी लिपीतील दप्तर सुरक्षित राहिले, पण ते वाचणारा उरला नाही, तर जी अवस्था होईल, तशीच ही अवस्था होय. प्रस्तुत निबंधात ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हा संगणक केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

जोडणीचे तीन मार्ग :

प्रारंभीच्या गृहसंगणकांचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्यांच्या जोडणीचे तीन मार्ग लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला मार्ग घरातील दूरचित्रवाणी संचाचा. संगणकातील मॉड्युलेटर चित्राचा संकेत वाहक लहरीवर चढवी आणि संच एखाद्या वाहिनीप्रमाणे तो ग्रहण करी. दुसरा मार्ग कॉम्पोझिट व्हिडिओचा. यात वाहक लहर नसे, मात्र प्रकाशाची तीव्रता आणि रंग एकाच तारेतून मिसळून जात. तिसऱ्या मार्गात लाल, हिरवा आणि निळा या रंगांना स्वतंत्र तारा असत. पहिल्या मार्गाकडून तिसऱ्याकडे जाताना मिसळणे व पुन्हा वेगळे करणे या क्रिया कमी होत आणि चित्र अधिक स्पष्ट होई.

मार्गाची निवड मुख्यतः अर्थकारणावर अवलंबून होती. एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमची किंमत १६ किलोबाइट स्मृतीसाठी १२५ पौंड व ४८ किलोबाइटसाठी १७५ पौंड होती. इतक्या स्वस्त यंत्रासाठी स्वतंत्र रंगीत मॉनिटर घेणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नव्हते. त्यामुळे मूळ स्पेक्ट्रममध्ये केवळ दूरचित्रवाणीची जोडणी देण्यात आली होती. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये दूरचित्रवाणीच्या जोडणीबरोबर मॉनिटरसाठी वेगळी जोडणी होती. कमोडोर १७०२ या मॉनिटरच्या मागील बाजूस तीव्रता आणि रंग यांसाठी स्वतंत्र खाचा होत्या. १९८७ मध्ये एस-व्हिडिओ या नावाने रूढ झालेले तत्त्व येथे आधीच व्यवहारात आलेले दिसते.

स्मृतीत नसलेला रंग :

रंग पडद्याकडे सोपवण्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण १९७७ च्या ॲपल टू या संगणकाचे आहे. स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या या रचनेत मूळ स्पंदन १४.३१८ मेगाहर्ट्झचे होते. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीतील ३.५८ मेगाहर्ट्झच्या रंगवाहक लहरीच्या ते बरोबर चौपट होते. उच्च स्पष्टतेच्या चित्रपद्धतीत स्मृतीत प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचा क्रमांक नोंदवलेला नसे. ठिपके एकाआड एक पेटवले असता तो संकेत रंगवाहक लहरीशी जुळे आणि संच त्याला रंग समजे. ठिपके सम स्थानी आहेत की विषम स्थानी, यावर जांभळा किंवा हिरवा रंग ठरत असे.

या रचनेचा परिणाम युरोपात स्पष्ट झाला. तेथील पाल पद्धतीत रंगवाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झची असल्याने हे गणित जुळत नव्हते. युरोपसाठी काढलेल्या ॲपल टू युरोप्लसमध्ये रंगासाठी वेगळे कार्ड बसवावे लागे. तोच कार्यक्रम आणि तेच स्मृतीतील बिट असूनही एका खंडात चित्र रंगीत, तर दुसऱ्या खंडात कृष्णधवल दिसे. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावयास हवा. स्मृतीतील नोंद हे अस्सल साधन मानले, तरी त्या साधनात रंगाचा पुरावा स्वतंत्रपणे मिळत नाही.

बीबीसी मायक्रो आणि शाळेतील पडदा :

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी तयार केलेला बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. ब्रिटिश सरकारने शाळांना संगणक खरेदीसाठी निम्मी रक्कम दिल्याने तो वर्गावर्गांत पोहोचला. या यंत्रात तिन्ही मार्ग उपलब्ध होते. तथापि कॉम्पोझिट जोडणीतून सर्वसाधारणपणे कृष्णधवल चित्रच मिळे. रंग हवा असल्यास आतील बोर्डावरील एक दुवा जोडावा लागे. रंगीत चित्राचा खात्रीचा मार्ग म्हणजे सहा पिनांची आरजीबी जोडणी. तीन पिना तीन रंगांसाठी, एक समकालनासाठी, एक शून्य दाबासाठी व एक पाच व्होल्टसाठी अशी तिची विभागणी होती. प्रत्येक रंग एक तर चालू किंवा बंद असे, मधली छटा नसे. तीन रंगांच्या अशा जुळणीतून दोनाचा तिसरा घात म्हणजे आठ रंग मिळत.

ब्रॅडफर्ड येथील मायक्रोव्हिटेक कंपनीचा कब हा मॉनिटर ब्रिटिश शाळांत या संगणकासोबत सर्रास दिसे. त्याची गरज शैक्षणिक होती. बीबीसी मायक्रोच्या एका चित्रपद्धतीत आडव्या ओळीत ६४० चित्रबिंदू आणि ८० अक्षरे बसत. सामान्य दूरचित्रवाणी संचावर ही अक्षरे एकमेकांत मिसळून वाचणे कठीण होई. आरजीबी मॉनिटरवर तोच मजकूर स्वच्छ वाचता येई. विद्यार्थ्याने संगणकावर लेखन करावयाचे की केवळ मोठ्या अक्षरांचे खेळ व पाठ पाहावयाचे, हे काही अंशी मॉनिटरच ठरवीत असे. साधनांची विषमता अशा रीतीने एका केबलमधूनही प्रकट होत होती.

भारतीय संदर्भ :

भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांनी रंगीत संचांच्या प्रसाराला चालना दिली. भारतानेही पाल पद्धती स्वीकारली होती. पुढे १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडण्यात आला. त्यामुळे या संगणकाचा इतिहास भारतीय शालेय शिक्षणाच्या इतिहासाशीही जोडला गेला आहे.

आजची जोडणी आणि जतन :

हा संगणक आज नव्या पडद्याला जोडू पाहणाऱ्यासमोर दोन प्रमुख अडचणी येतात. पहिली ओळींच्या गतीची. पाल पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे आणि प्रत्येकी ६२५ ओळी, म्हणजे १५,६२५ ओळी होतात. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए पद्धतीची गती सुमारे ३१,५०० ओळींची आहे. त्यामुळे अनेक व्हीजीए मॉनिटर जुना संकेत स्वीकारत नाहीत. दुसरी अडचण विद्युतदाबाची. बीबीसी मायक्रोच्या आरजीबी संकेताची पातळी पाच व्होल्टच्या अंकीय मंडलांची आहे, तर स्कार्ट जोडणीच्या दूरचित्रवाणी संचाला सुमारे ०.७ व्होल्टचा संकेत अपेक्षित असतो. मध्ये योग्य रेझिस्टर न बसवता तारा थेट जोडणे संचास अपायकारक ठरू शकते.

जुना मॉनिटर वापरणे हा पर्याय ऐतिहासिक दृष्ट्या अधिक प्रामाणिक, परंतु जोखमीचा आहे. पिक्चर ट्यूबमधील उच्च दाब हजारो व्होल्टचा असतो आणि वीज बंद केल्यानंतरही काही भार शिल्लक राहू शकतो. संगणकाच्या वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर तडकून धूर येण्याचे प्रकारही परिचित आहेत. त्यामुळे यंत्र प्रथम जाणकाराकडून तपासून घेणे आणि मगच सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

याखेरीज एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर बाद करून त्यातून कॉम्पोझिट संकेत काढण्याची पद्धत संग्राहकांत प्रचलित आहे. चित्र सुधारते, मात्र १९८२ च्या वापरकर्त्याने पाहिलेले अस्थिर चित्र नाहीसे होते. असा बदल पूर्ववत करता येण्याजोगा असावा आणि त्याची लेखी नोंद ठेवावी, ही किमान अपेक्षा आहे. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात बीबीसी मायक्रोंचा वर्ग मांडलेला आहे. यंत्र वापराच्या संदर्भासह जपण्याचा तो स्वागतार्ह मार्ग होय.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. जडसंग्रह नोंदवहीत संगणक, मॉनिटर आणि केबल स्वतंत्र क्रमांकांनी नोंदवले गेले असतील, तर निर्लेखनाच्या वेळी त्यांचा परस्परसंबंध सहज तुटतो. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असल्याने तिची विल्हेवाट ई-कचरा नियमांनुसारच व्हावयास हवी. परंतु त्यापूर्वी एखादी संपूर्ण जोडी जपण्याजोगी आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) प्रारंभीच्या गृहसंगणकांचा रंग संगणक, जोडणी आणि पडदा यांच्या संयोगातून निर्माण होत होता.

२) जोडणीचा मार्ग मुख्यत्वे किंमत व स्थानिक प्रक्षेपण पद्धती यांवरून ठरत असे आणि त्याचा परिणाम शैक्षणिक वापरावरही होत असे.

३) आजच्या संगणकावर प्रतिकृती कार्यक्रमाद्वारे दिसणारे चित्र उपयुक्त आहे, परंतु मूळ पडद्याशी पडताळल्याशिवाय ते पुरावा म्हणून स्वीकारताना सावधगिरी बाळगावी.

४) संगणक, मॉनिटर व केबल यांची एकत्रित नोंद आणि चालू अवस्थेतील पडद्याची छायाचित्रे यांना अभिलेखाचा दर्जा द्यावा.

पिक्चर ट्यूबची दुरुस्ती जाणणारे तंत्रज्ञ उत्तरोत्तर कमी होत आहेत. त्यांच्या हातातील कौशल्य लिहून ठेवणे हे यंत्र जपण्याइतकेच तातडीचे कार्य आहे.