गुडरीड्स
वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याची व त्यांवरील मते इतरांना कळवण्याची सोय करणारा अमेरिकी ऑनलाइन वाचकसमूह. ओटिस चँडलर व एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी 2007 मध्ये तो सुरू केला. 2013 मध्ये ॲमेझॉनने विकत घेतला. ‘वाचलेले’, ‘वाचत असलेले’ व ‘वाचायचे’ या मूळ तीन फडताळांत, म्हणजे याद्यांत, सदस्य पुस्तके लावतो, एक ते पाच तारे देतो आणि हवे तर परीक्षण लिहितो. मूळ पद्धतीत अर्धा तारा नसल्याने साडेतीनच्या योग्यतेचे पुस्तक तीन किंवा चारांत बसवावे लागते, म्हणून सरासरीपेक्षा परीक्षणाचा मजकूरच अधिक विश्वसनीय मानावा. प्रकाशनापूर्वीही तारे देता येत असल्यामुळे न वाचलेल्या पुस्तकावर सामूहिक रोष ओढवतो: रशियात घडणाऱ्या ‘द स्नो फॉरेस्ट’ या कादंबरीबाबत असे झाल्यावर जून 2023 मध्ये लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी तिचे प्रकाशन बेमुदत लांबणीवर टाकले.