एकच प्याला आणि एक घोडा

दारूवर लिहायला दारू प्यावी लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आमच्या चांदूर बाजारात माणूस एखाद्या विषयावर चार वाक्यं सलग बोलला, की त्याचा त्या विषयाशी घरोबा आहे असं लोक धरून चालतात. पीककर्जाच्या नियमांवर बोललो, तर ‘बाबूची संत्र्याची बाग दिसते’ अशी कुजबुज होते. तेव्हा दारूवर बोलल्यावर काय होईल, याची मला पूर्ण कल्पना आहे.

दुसरा खुलासा इतिहासाबद्दल. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध ‘ओपनिंग बॅलन्स’पुरता. मागच्या पानावरून जे काही आलं असेल ते मुकाट्यानं पुढच्या पानावर ओढायचं. ते कुणी केलं, का केलं, हे विचारायचं नाही. पण गेल्या दिवाळीत चिरंजीव पुण्याहून आले, त्यांनी मला एक कार्टून दाखवलं, आणि तेव्हापासून मला मागची पानं चाळायचा नाद लागला.

कार्टून म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर येणारा मोगली उभा राहिला. हे प्रकरण निराळं निघालं. यातला नायक घोडा. घोडा म्हणजे महाराणा प्रतापांचा चेतक नव्हे. दोन पायांवर चालणारा, कोट घालणारा, एके काळी टीव्हीवर गाजलेला आणि आता टेकडीवरच्या बंगल्यात सकाळपासून पीत बसणारा हॉलीवूडचा घोडा. नाव बोजॅक हॉर्समन. आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अवो, घोडा दारू पिऊन राह्यला अन् बापलेक पाहून राह्यले! पणत्यांत तेल कोण टाकीन?”

पहिले काही भाग मी पोट धरून हसलो. मग हसू हळूहळू कमी होत गेलं, आणि एका रात्री माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ आपण हसलेलोच नाही, तरी उठवतही नाही.

ही मालिका नेटफ्लिक्सवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२० मध्ये संपली. लिहिणारा राफेल बॉब-वॅक्सबर्ग. चित्रांचं रूप लिसा हॅनावॉल्ट या बाईंचं. विषय दारू, गोळ्या, मनाचं आजारपण, आणि आईबापांकडून इस्टेटीसारखं वारशानं आलेलं दुःख. चिरंजीव म्हणाले, “बाबा, असं यापूर्वी कुणी केलंच नाही.” पुण्यात तीन वर्षं राहून त्यांच्या ‘मले’चं ‘मला’ झालं आहे, आणि अशी वाक्यंही त्यांना येऊ लागली आहेत. मला मात्र अनुभव असा, की नवीन म्हणून समोर आलेलं खातं बहुधा जुन्याच गिऱ्हाइकाचं असतं. मी जुनी खतावणी काढली.

तिचं एक पान आमच्या विदर्भातच उघडतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले. वय अवघं तेहतीस. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळींनी रंगभूमीवर आणलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. नाटकातली पदं लिहायला गडकऱ्यांना आयुष्य पुरलं नाही, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली.

सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि हाताशी तळीराम असतो. या तळीरामाचं एक ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. त्याच्या सभांचा प्रवेश वाचताना मला आमच्या युनियनच्या सभांची आठवण येते. तोच जोश, तीच भाषणं, आमच्याकडे फक्त चहा असतो. प्रेक्षक तळीरामाला हसत असतो आणि त्याच्या हसण्याआडून सुधाकर एकेक पायरी खाली उतरत असतो. आधी हसवायचं आणि मग हसू काढून घ्यायचं, ही घोड्याची युक्ती गडकऱ्यांनी शंभर वर्षं आधी वापरून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली आहे. सुधाकर मध्येच दारू सोडतो. खरोखर सोडतो. मग नोकरी मागायला दारोदार जातो आणि कुणी त्याला उभं करत नाही. तिथून तो परत प्याल्याकडे वळतो. म्हणजे दारू सोडणं पिणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतं. त्याला दारातून परत पाठवणाऱ्या चारचौघांचाही त्यात हिस्सा असतो. हे गडकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तळीरामाच्या नकला करणाऱ्या आपल्या लोकांच्या मात्र हा प्रवेश सहसा लक्षात राहत नाही.

दुसरं पान तर आमच्या तालुक्यातलंच. चांदूर बाजार तालुक्यात नागरवाडीला गाडगेबाबांचा आश्रम आहे. बाबांचा जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा, १८७६ सालचा. वडील झिंगराजी. दारूनं त्यांचं शरीर खाल्लं, शेत-घर गेलं, आणि तेही गेले. लहानगा डेबू आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत हवी होती, तेव्हा या गड्यानं गोडाचं जेवण घातलं. वऱ्हाडात पंगतीचा मेनू बदलणं म्हणजे काय, हे ज्यानं लग्नात वाढपी म्हणून काम केलंय त्यालाच कळेल. राज्यक्रांती त्यापुढे सोपी.

आता जे म्हणतो ते हात जोडून म्हणतो. चिंध्यांचं वस्त्र, डोक्यावर गाडग्याचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. बाबांनी स्वतःच स्वतःचं चित्र काढून घेतलं होतं, आणि ते असं, की पाहणारा आधी हसावा आणि हसत हसत जवळ यावा. जवळ आला की प्रश्न सुरू. दारू पेता काय? कर्ज काढता काय? पोरगं शाळेत जाते काय? उत्तर लोकांनीच द्यायचं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. उपदेशाला झोपणारा माणूस प्रश्नाला झोपू शकत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. मुंबईच्या पोलिसांपुढे बाबा अस्सल वऱ्हाडीत बोलताहेत. त्यानंतर काही आठवड्यांतच, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.

यानंतर खतावणीत एक गमतीचं पान लागतं. हिंदी सिनेमानं दारुड्याला विनोदी कामगार करून टाकलं. बसमध्ये कंडक्टरी करणाऱ्या बद्रुद्दीन काझी नावाच्या माणसाला गुरुदत्तनं सिनेमात आणून चक्क व्हिस्कीचं नाव दिलं, जॉनी वॉकर. हा गृहस्थ पडद्यावर जन्मभर झिंगला आणि प्रत्यक्षात दारूला शिवला नाही, असं सांगतात. झुलत यावं, खांबाला मिठी मारावी, उचकी द्यावी आणि जावं. त्याच्या घरी कोण वाट पाहतंय, हे विचारायची पडद्यावर सोय नव्हती.

कार्टूनवाल्यांचं खातंही फार स्वच्छ नाही. अमेरिकेत १९६० साली संध्याकाळच्या वेळी, मोठ्यांसह सगळ्या घरानं पाहावी म्हणून ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली, तिचे प्रायोजक सिगारेटवाले होते. अश्मयुगातले नायक जाहिरातीत निवांत विन्स्टन सिगारेट ओढत बसत. १९८९ पासून चालू असलेल्या ‘द सिम्पसन्स’मध्ये बार्नी नावाचा पक्का बेवडा आहे, आपल्या तळीरामाचा अमेरिकन चुलतभाऊ. २००० साली लेखकांनी त्याला एका भागात दारू सोडायला लावली. पण शुद्धीवरचा बार्नी विनोदाला फारसा उपयोगी पडेना, तेव्हा काही वर्षांनी त्याला पुन्हा गुत्त्यात बसवण्यात आलं. लोकांना हसायला हवं म्हणून माणसाला परत पाजणं, हा उद्योग फक्त कार्टूनवालेच करतात असं नाही, त्याकडे मी येतोच.

आणि कार्टून मोठ्यांसाठी असणं तरी आपल्याला कुठे नवीन आहे? दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. १९५६ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग निघाला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं त्यात तयार झाली. सरकारनं पुढे हे कार्टून वापरलं ते कुटुंबनियोजनासारख्या विषयांना. म्हणजे सांगायला अवघड वाटलं, की आपण चित्राच्या तोंडी घालत होतो. मनाचं आजारपण मात्र त्या यादीत आलं नाही. आपल्याकडे मन आजारी पडतच नाही. एक तर माणसाला ‘टेन्शन’ असतं, नाहीतर ‘बाहेरचं’ काहीतरी असतं.

इथपर्यंत जमेची बाजू आपलीच भारी होती, आणि चिरंजीवांना फोन लावायला मी हातही पुढे केला होता. पण ताळेबंद जुळवायला बसलो आणि एका रकमेपाशी अडलो.

आपल्या गोष्टींत दारुड्याचं शेवटी काय होतं? सुधाकराच्या हातून मूल जातं, सिंधू जाते, तो विष घेऊन स्वतः जातो. प्रेक्षक डोळे पुसतो आणि शेवटची गाडी गाठतो. खातं बंद. सिनेमातला बेवडा उचकी देऊन निघून जातो, त्याचं खातं कधी उघडतच नाही. कीर्तनातला माणूस माळ घालतो आणि सुधारतो. मेला, हसला किंवा सुधारला. चौथा रकाना आमच्या वहीत छापलेलाच नाही.

घोडा तो चौथा रकाना भरतो. तो मरत नाही. मरायच्या अगदी काठापर्यंत जातो, पण लेखक त्याला सोडून देत नाहीत. २०१७ सालच्या एका भागात त्याच्या डोक्यात चाललेली स्वतःलाच शिव्या देणारी बडबड खरडलेल्या, थरथरत्या रेषांत दाखवली आहे. गडकऱ्यांच्या काळी त्याला ‘स्वगत’ म्हणत आणि नट पुढे येऊन ते म्हणत असे. पण ते स्वगत सकाळी चहा पितानाही चालूच असतं, हे रेषांनी दाखवलं. शेवटच्या पर्वात तो व्यसनमुक्ती केंद्रात जातो, दारू सोडतो, आणि मग खरी पंचाईत सुरू होते. पिऊन ज्यांचं नुकसान केलं ती माणसं जिवंत आहेत. घोड्याला वाटतं, माफी मागितली की संपलं. आम्हा वऱ्हाडातल्या बँकवाल्यांना ही समजूत चांगली परिचयाची आहे. त्याला कर्जमाफी हवी असते. मालिका त्याला सांगते, की बाबा रे, माफी मागणं हा फक्त हप्ता आहे, आणि मुद्दल किती ते देणेकरी ठरवत नाही.

हे सगळं मी इतक्या गंभीरपणे का सांगतोय? आमच्या शाखेत एक सहकारी आहेत. नाव सांगणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. मध्यंतरी ते तीन महिने ‘गावी’ गेले होते. गाव त्यांचं इथून चार कोसांवर, तिथे ते नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच ‘गावी गेले’ म्हणत होते. परत आले ते वजन कमी करून आणि दाढी गुळगुळीत करून. आठवड्याभरात एकाच्या प्रमोशनची पार्टी निघाली. सांबारवडी आली, बाटल्या आल्या. एक जण प्रेमानं म्हणाला, “घ्या नं भाऊ, एकच. एकानं काय होते?”

गडकऱ्यांनी नाटकाला जे नाव दिलं, तेच शब्द. म्हणणाऱ्यानं नाटक पाहिलेलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. पूर्वी हे सहकारी प्यायले की साहेबांच्या नकला करीत, आणि त्यांच्यावाचून पार्टीला रंग नव्हता. बार्नीला परत गुत्त्यात कोण बसवतं, ते मी तिथे बसून पाहत होतो.

ते म्हणाले, “आज नाही घेत.” आणि दोन सांबारवड्या ताटात घेतल्या.

“आज नाही, म्हंजे उद्या घेसान काय?”

“उद्याचं उद्या पाहू नं बापा.”

सगळे हसले. मला पुढे कळलं, की हे उत्तर थट्टेचं नव्हतं. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी (नाव ऐकून आपल्या अकोल्याचाच भास होतो) एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांच्या आधारानं दारूतून बाहेर आले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तिथली रीत हीच: फक्त आजचा दिवस. आपल्याकडे १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ काढलं, तेव्हा पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. अवघ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसानं आपला पैसा अशा ठिकाणी घालावा, याचा मला कारकून म्हणून फार आदर वाटतो. आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे तर आम्हाला शिकवायलाच नको. कॅश आजची आज टॅली करायची असते. उद्याची आज होत नाही, आणि कालची जुळली होती म्हणून आजची सुटत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही आजारातच धरले आहेत. २०२२ पासून १४४१६ या नंबरावर सरकारी ‘टेलि-मानस’ही आहे, फोन करणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारून गावभर करत नाही. पण कायदा राजपत्रात छापून येतो, आणि आमचे रजेचे अर्ज येतात माझ्या टेबलावर. इतक्या वर्षांत त्यातल्या ‘कारण’ या रकान्यात मी ‘घरगुती’ हा शब्द इतक्या वेळा वाचला आहे, की या जिल्ह्यातली घरं चालतात तरी कशी असा प्रश्न पडावा.

गेल्या महिन्यात त्या सहकाऱ्यांचा एका दिवसाचा अर्ज आला. सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं होतं: ‘व्यसनमुक्ती केंद्रात फेरतपासणी.’ अर्ज आत गेला. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि खाली सही केली. मी रजिस्टरमध्ये कारण जसंच्या तसं उतरवून घेतलं.