एजन्सी कुणाची, गाड्या कुणाच्या

सोलापुरात मोटारींच्या शोरूमबद्दल बोलताना ‘डीलरशिप’ हा शब्द क्वचितच कानावर पडतो. “त्यांच्याकडे अमक्या गाडीची एजन्सी आहे” असंच लोक म्हणतात. शब्द आता तोंडात बसलाय, पण कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तो चुकीचा आहे. एजंट म्हणजे काय हे बघायचं तर मार्केट यार्डातल्या कांद्याच्या आडतीवर जावं. आडत्या दुसऱ्याचा माल विकतो आणि आडत घेतो. कांदा पडून राहिला, नासला, तर नुकसान त्याचं नव्हे, शेतकऱ्याचं. मोटारवाल्याचं उलटं असतं. त्याच्या करारात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की डीलर हा कंपनीचा एजंट नाही, दोघंही आपापल्या धंद्याचे स्वतंत्र मालक. कारखान्यातून गाडी निघाली की बिल डीलरच्या नावावर फाटतं आणि बँकेचं व्याज सुरू होतं. कंपनीच्या हिशेबी गाडी तिथेच ‘विकली’ गेली. दसऱ्याला आपण हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून घरी नेतो ती त्या गाडीची दुसरी विक्री.

या दोन विक्रींच्या मधल्या फटीतच आजच्या गोष्टीचा जन्म आहे.

एका ओळखीच्या शोरूमवाल्याचं यार्ड मी मे महिन्यात पाहिलं होतं. रांगेने उभ्या गाड्या, सीटवर अजून प्लॅस्टिक, काचांवर धुळीचा थर. एक पोरगा गाडीगणिक बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवत होता, उभ्या उभ्या उतरू नये म्हणून. दुसरा टायरमध्ये हवा भरत होता आणि गाड्या हातभर पुढे ढकलत होता. एकाच जागी राहिलं की टायर खालून बसतो. मालक म्हणाले, “यातल्या निम्म्या मी मागितल्याच नव्हत्या. महिनाअखेरीला फोन येतो, साहेब एवढं बिलिंग करून घ्या. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात चालतं मॉडेल मिळायचं नाही.” हे सांगताना ते हसत होते. रागाने सांगितलं असतं तर मला इतकं लक्षात राहिलं नसतं. डीलरांची देशपातळीवरची संघटना ‘फाडा’ एकवीस दिवसांचाच साठा असावा असं सांगत आली आहे. २०२४ च्या सणासुदीआधी तिनेच जाहीर केलेला आकडा ८० ते ८५ दिवसांचा होता, म्हणजे सुमारे ७९,००० कोटी रुपयांच्या गाड्या देशभरच्या यार्डांत उभ्या.

हा फोन शंभर वर्षं जुना आहे. १९२० च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली, मॉडेल टी खपेना आणि हेन्री फोर्डच्या डोक्यावर कर्ज होतं. सावकारांच्या दारात जायचं नाही म्हणून त्याने सोपी युक्ती केली. न मागितलेल्या गाड्या तयार करून रेल्वेने देशभरच्या डीलरांकडे रवाना केल्या. आपल्या पेढ्यांच्या भाषेत सांगायचं तर मालाबरोबर दर्शनी हुंडी. आधी गावच्या बँकेत रोख भरा, मग गाड्या सोडवा. नाही भरली तर फोर्डची एजन्सी गेली. डीलरांनी कर्जं काढली. फोर्डने कर्ज काढायचं टाळलं, ते हजारो छोट्या गावांतल्या डीलरांनी थोडं थोडं वाटून घेतलं.

यावर उतारा यायला वेळ लागला. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने न मागितलेली गाडी गळ्यात मारण्याला कायद्याने बंदी केली. दोन वर्षांनी केंद्रीय व्यापार आयोगाने मोटार धंद्यावर जाडजूड अहवाल दिला, मग महायुद्ध आलं आणि गाड्यांचाच दुष्काळ पडला. युद्धानंतरची भूक भागल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. १९५५-५६ मध्ये सिनेटर ओमाहोनी यांच्या समितीपुढे जनरल मोटर्सच्या डीलरांनी गाऱ्हाणी मांडली आणि ऑगस्ट १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं नाव मला फार आवडतं: ‘डीलरचा कोर्टातला दिवस’. कंपनीने करार पाळताना, मोडताना किंवा पुढे न वाढवताना सचोटी सोडली, तर डीलर थेट दावा लावू शकतो. सचोटी म्हणजे काय, तर जबरदस्ती, धाकदपटशा किंवा त्यांची धमकी नसणं.

पण त्या कायद्याची खरी गंमत पुढच्या वाक्यात आहे. शिफारस, मनधरणी, आग्रह, युक्तिवाद यांना सचोटीचा अभाव समजू नये, असं त्यात मुद्दाम घातलंय. मराठी माणसाला ही रेघ समजावून सांगायला नको. पंगतीत “अजून एक पोळी” म्हणणं आग्रह. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढणं ही जबरदस्ती. अमेरिकी न्यायाधीशांनी पुढे हा हात फारच कमी वेळा आडवा धरलेला पाहिला. कायद्याचा अर्थ त्यांनी आखूड लावला, आणि डीलरांना खरा आधार राज्याराज्यांच्या कायद्यांनीच दिला.

आपल्याकडे ‘जबरदस्ती’ची व्याख्या याहून कितीतरी जुनी आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५ ते सांगतं: फौजदारी कायद्याने मना केलेली कृती करणं किंवा तिची धमकी देणं, नाहीतर बेकायदा कुणाची मालमत्ता अडवून धरणं. १९१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आत्महत्येची धमकी देऊन बायको-मुलाकडून करून घेतलेला दस्तसुद्धा जबरदस्तीचा ठरवला होता. एवढं रुंद दार, पण “चालतं मॉडेल देणार नाही” हे त्यातून आत येत नाही, कारण माल न देणं हा गुन्हा नव्हे. १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुबळ्यावर लादलेल्या अन्याय्य कराराला नकार दिला खरा, पण दोन्ही बाजू व्यापारी असतील तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही, हेही त्याच निकालात लिहून ठेवलं. शोरूमवाला व्यापारीच. काचेचं शोरूम आणि कॉफीचं मशीन असलेल्या माणसाला दुबळा कोण म्हणणार?

आणि खरं तर आपल्याकडे बराच काळ तो दुबळा नव्हताच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात केली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. त्या कारखान्यातून पुढे ज्या फियाट निघाल्या, त्यांच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. डीलर गिऱ्हाइकाची मनधरणी करत नव्हता, गिऱ्हाईक डीलरची करत होतं. अशा दिवसांत डीलरच्या संरक्षणाचा कायदा कुणी मागितला असता तर लोक हसले असते. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आला तो गिऱ्हाइकासाठी. त्याखाली ट्रक बनवणाऱ्या टेल्कोच्या डीलर-करारांवर खटला झाला तोही डीलरने नव्हे, सरकारी निबंधकाने चालवलेला. डीलरने नेमून दिलेल्या हद्दीबाहेर ट्रक विकायचा नाही, या अटीला जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली: ट्रक कमी, मागणी जास्त, हद्द उठवली तर सगळा माल महानगरं खेचून घेतील. आमच्यासारख्या गावांना त्या अटीचा फायदाच झाला असणार. टंचाईत हद्द ही गावाची वाटणी होती. मुबलकतेत तीच हद्द डीलरचा खुंटा झाली.

टंचाई संपली आणि खुंट्याला दोरीही बांधली गेली. अमृतसरच्या एका गॅस वितरकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकाच्या तोंडावर सांगितलं की तीस दिवसांच्या नोटिशीने मोडता येणारा करार मोडला, तर भरपाई त्या तीस दिवसांचीच. एजन्सी परत मिळणार नाही. जागा, कर्ज, वर्कशॉप, माणसं यांचं वय वीस वर्षं, पण हिशेब तीस दिवसांचा. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने देशातली विक्री बंद केली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने कारखाने बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा फाडाने सुमारे १७० डीलर अडकल्याचं सांगितलं. त्या हुंडीच्या प्रकरणाला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

डीलरला आधार मिळाला तो मागच्या दाराने. २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आली, मारुतीच्या डीलरने पाठवल्यासारखी, महाराष्ट्रातल्या विक्रीबद्दल. ठरल्याहून जास्त सूट दिली तर डीलरला दंड होतो, अशी तक्रार. चौकशीत बनावट गिऱ्हाइकांची तऱ्हा बाहेर आली. नेमलेल्या संस्थेचा माणूस गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जाई, घासाघीस करी, गुपचूप रेकॉर्डिंग करी. पकडलं गेलं की डीलरला जाब, आणि दंड शोरूमलाच नव्हे तर गाड्या विकणाऱ्या पोरांनाही, त्यांच्या टीम लीडरलाही. सूट न देण्याचं डीलरांनीच आपसात ठरवलं होतं, हे कंपनीचं म्हणणं आयोगाने मानलं नाही. २३ ऑगस्ट २०२१ रोजी २०० कोटींचा दंड झाला. कंपनी अपिलात गेली. त्याआधी ह्युंदाईवरचा ८७ कोटींचा असाच दंड २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला होता. मला यात बोचतं ते वेगळंच. दंड झाला तो गिऱ्हाइकाची सूट बुडाली म्हणून, आणि तो सरकारजमा व्हायचा. ईमेल लिहिणाऱ्याने नाव का लिहिलं नसेल, हे वेगळं सांगायला नको.

डिसेंबर २०२० मध्ये उद्योगविषयक संसदीय स्थायी समितीने डीलरांसाठी स्वतंत्र फ्रँचायझी संरक्षण कायदा करा, अशी शिफारस केली. ब्राझीलमध्ये तो १९७९ पासून आहे आणि त्याला ‘फेरारी कायदा’ म्हणतात. त्या गाडीवरून नव्हे, रेनातो फेरारी नावाच्या डीलरवरून. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये मोटार डीलरांसाठी वेगळे नियम केले. आपल्याकडे शिफारस अहवालात आहे. मधल्या काळात फाडाने आदर्श कराराचा नमुना तयार केला.

त्या शोरूमवाल्यांनी मला आपला करार दाखवला होता. शेवटून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं: वाद झाल्यास न्यायक्षेत्र फक्त कंपनीच्या मुख्यालयाच्या गावचं. “सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी मुंबईला पोचते,” ते म्हणाले. “तिथून पुढे अजून दीड दिवस.” मग त्यांनी फाईल मिटली आणि बॅटरीवाल्या पोराला हाक मारली.