रोहना: समुद्रात गेलेले सैनिक आणि खलाशी

आजचा एपिसोड जरा शांत बसून ऐका. लोकलमध्ये असाल तरी चालेल, शेवटी आपण लोकलच्याच वाटेवर येणार आहोत.

तारीख २६ नोव्हेंबर १९४३. अल्जीरियाच्या किनाऱ्यालगत भूमध्य समुद्रातून जहाजांचा एक ताफा सुएझच्या दिशेने चाललाय. त्यात एक जहाज आहे 'रोहना'. ब्रिटिश इंडिया कंपनीचं, १९२६ साली बांधलेलं, युद्धात सैन्य वाहायला घेतलेलं. त्यावर जवळपास दोन हजार अमेरिकन सैनिक. आदल्याच दिवशी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण झालेला. आणि ही पोरं निघाली होती कुठे? आपल्याकडे, भारतात. तिथून पुढे जपानविरुद्धच्या आघाडीवर.

दुपार कलली आणि जर्मन विमानं आली. त्यांच्याकडे नवीन हत्यार होतं: पंख असलेला बॉम्ब. विमानात बसलेला माणूस छोट्या दांड्याने, रेडिओवरून त्याला वळवायचा. तुम्ही गेममध्ये जॉयस्टिक फिरवता ना, साधारण तसंच. त्यातला एक थेट रोहनावर येऊन आदळला. होड्या नीट उतरल्या नाहीत, कित्येक जागच्या जागी अडकल्या. समुद्र खवळलेला, त्यात अंधार पडला. 'पायोनियर' नावाच्या अमेरिकन जहाजाने रात्रीपर्यंत सहाशेहून अधिक जणांना पाण्यातून ओढून काढलं. तरी १,०१५ अमेरिकन सैनिक गेले.

आणि मग? मग गप्प बसवलं सगळ्यांना. रेडिओवर चालणाऱ्या बॉम्बने एवढं नुकसान केलं हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. वाचलेल्यांना तोंड उघडायची बंदी. युद्ध संपलं तरी कितीतरी घरांना आपला मुलगा नेमका कसा गेला हे वर्षानुवर्षं कळलंच नाही. अलाबामात स्मारक उभं राहिलं ते १९९६ साली, आणि अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून त्यांची आठवण काढली ती २००० साली. अर्ध्याहून जास्त शतक उलटलं तेव्हा!

आता मला खुपणारी गोष्ट. जहाज चालवत कोण होतं? वरचे अधिकारी सोडले तर बहुतेक सगळे भारतीय. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणायचे. सारंग, टंडेल, बॉयलरपाशी भाजून निघणारे आगवाले. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक तुकडा त्यांच्या हातात पडायचा. वाचलेल्या काही अमेरिकनांच्या आठवणींत हे लोक येतात ते बहुतेक तक्रारीतच: होड्या घेऊन आधी पळाले म्हणून.

मी आधी ते वाचलं आणि मानलंही, खोटं कशाला बोलू. मग आकडे पाहिले. खलाशी होते दोनशेच्या आत, आणि त्यातले शंभराहून जास्त बुडाले. सैनिकांतले साधारण निम्मे गेले, खलाशांतले निम्म्याहून जास्त. पळालेल्यांचा हिशोब असा येत नाही हो. काही जण घाबरून होडीत चढलेही असतील. अशा जहाजावर कोण घाबरणार नाही? पण शंभरावर माणसं मेली आणि मागे राहिली ती फक्त तक्रार, हे काही पटत नाही.

आता लोकल. हार्बरला किंवा सेंट्रलला सीएसएमटीच्या आधीचं स्टेशन मस्जिद. तिथून बंदराच्या बाजूला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांची वही केली. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा सहा हजारांहून जास्त लोकांची नावं तिच्यात आहेत. तिच्या दोन प्रती: एक चितगावला, एक मुंबईत.

मी कॉलेजची कितीतरी वर्षं त्या स्टेशनावरून गेलो. दारात उभा राहून, कानात गाणी लावून. सुक्यामेव्याच्या बाजारासाठी उतरलोही असेन. त्या बाजूला एकदाही वळलो नाही. येत्या रविवारी जाणार आहे, आत सोडतात का ते विचारून बघतो. कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मस्जिदच्या पुलाखाली भेटू.