दोनशे रुपयांची मनीऑर्डर

पुण्या-मुंबईतल्या पगाराच्या स्लिपमध्ये एक किरकोळ कपात असते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाला २५०० च्या वर हा कर घेता येत नाही, ती मर्यादा थेट राज्यघटनेतच आहे. इन्कम टॅक्सवर कॅन्टीनमध्ये तासभर वाद होतो, या २०० रुपयांबद्दल कुणी ब्र काढत नाही. पण त्यांचा इतिहास पार मालवणपर्यंत जातो.

वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. १९७७ च्या रोहयो कायद्याने सरकारनेही तेवढीच भर घालायची असं ठरलं.

पाझर तलाव, बांधबंदिस्ती ही कामं दुष्काळी मुलुखाची. आमच्या कोकणात पाऊस धो धो, तरी डोंगर बोडके, आणि घर चालायचं मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर. १९९० साली रोहयोला फळबाग लागवड जोडली आणि चित्र बदललं. स्वतःच्याच वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमं लावायची, मजुरीसकट अनुदान सरकारचं. तेही एकरकमी नाही, झाडं जगतील तसं हप्त्याहप्त्याने. काजूची 'वेंगुर्ला-४' सारखी जातसुद्धा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची, म्हणजे तिथेही सरकारी खर्चच.

अर्थशास्त्रात याला पुनर्वाटप म्हणतात. मला ती दुसरी मनीऑर्डर वाटते. पहिलीचे पैसे तांदूळ, गणपती, आजारपण यात संपायचे. दुसरीची बाग झाली.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर एक गोष्ट खटकते. झाड ज्याच्या जमिनीत, त्याचं. ज्याला जमीनच नाही त्याला खड्डे खणल्याची मजुरी मिळाली, दर वर्षीचा मोहोर मात्र दुसऱ्याचा. आणि जमीन असूनही अडलेले होतेच. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली दहा मुंबईला. सामाईक जमिनीत लागवड करायची तर सगळ्यांची संमती हवी, ती काही जमेना.

त्या नावांत आता आपलीही नावं लागली आहेत. गावाहून सहीसाठी फोन आला की आपण म्हणतो, "मे महिन्यात आलो की बघू." २०० रुपये परस्पर कापले जातात, म्हणून तरी जातात!